येणाऱ्यांचा बाक

आमच्या चर्चमध्ये बाक पुष्कळ आणि माणसं थोडी. लोणावळ्यात स्टेशनपासून जवळच, चिक्कीच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत हे दगडी चर्च आहे. रेल्वेच्या गोऱ्या साहेबांनी ते स्वतःसाठी बांधलं. ते गेल्यावर रेल्वेत नोकरीला आलेल्या आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती लोकांनी तिथं मराठीत उपासना सुरू केली. माझं लग्न तिथंच लागलं, माझ्या मुलांचे बाप्तिस्मे तिथंच झाले आणि नवऱ्याची शवपेटीही तिथूनच उचलली. त्यामुळे त्या इमारतीबद्दल कुणी वेडंवाकडं बोललेलं मला खपत नाही. मी स्वतः बोललेलं चालतं.

मी शाळेत बाई होते. रिटायर होऊन वर्षं झाली तरी आवाज काही खाली आलेला नाही, असं घरचे म्हणतात. चर्चमध्ये मी पायपेटी वाजवते, म्हणजे पायांनी भाता हलवत वाजवायची मोठी पेटी. तिची एक पट्टी दाबली की वर येत नाही, ती नखाने उचलावी लागते. पेटी भिंतीशी आडवी ठेवलेली आहे, म्हणून पाळकसाहेब सोडले तर सगळ्यांची तोंडं दिसणारी मी एकटीच. ही तोंडं बहुतेक साठीच्या पुढची. गाणं हळू वाजवलं तर ती हळू गातात आणि जोरात वाजवलं तरी हळूच गातात.

तरुण मुलं पिंपरी-चिंचवडला फ्लॅट घेऊन गेली. तिथं मोठ्या हॉलमधल्या सभांना जातात, जिथं ड्रम असतो आणि गाण्याचे शब्द पडद्यावर येतात. माझा मुलगाही त्यातलाच. "आई, तिकडे जिवंतपणा असतो," तो एकदा म्हणाला. मी म्हटलं, "आणि आम्ही काय मेलोत?" तो काही बोलला नाही, म्हणजे जे बोलायचं ते बोललाच.

बाहेरून आत येणारे फक्त पर्यटक. एकदा ऐन प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटला जात असताना, अर्ध्या चड्डीतला एक जण दारात येऊन "वॉशरूम है क्या?" म्हणून विचारून गेला. नंतर कुणीतरी व्हरांड्यात बाटल्या टाकून गेलं, तेव्हापासून उपासना संपली की दाराला कुलूप लागतं. किल्ली मामांकडे असते. मामा माझे कुणी नाहीत, सगळ्या मंडळीचेच मामा. रेल्वेत गार्ड होते, चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळीत सगळ्यांत जुने. गाडी थांबवायची आणि सोडायची सवय त्यांच्या अंगात इतकी भिनलेली की उपासना एक मिनिट लांबली तरी ते घड्याळाकडे बघतात.

मागच्या वर्षी पुण्याच्या वरच्या कमिटीने निरोप धाडला. लोणावळ्याला माणसं नाहीत, मग पाळकांनी दर रविवारी तिथं कशाला जायचं? एक वर्षभर बघू. माणसं वाढली तर ठीक, नाहीतर महिन्यातून एकदा उपासना. निरोप गोड शब्दांत होता, पण मी आयुष्यभर मुलांना नापास करत आले आहे, गोड शब्द मला कळतात. मला रडू आलं. आठवड्यात एकच दिवस असा असतो की मी इस्त्रीची साडी नेसते आणि माझी कुणीतरी वाट बघत असतं. तोही जाणार होता.

आमचे पाळकसाहेब तरुण आहेत, पुण्याहून मोटरसायकलवर येतात. ते गप्प बसणारे नव्हते. त्यांनी हे वर्ष उज्जीवनाचं वर्ष म्हणून जाहीर केलं. उज्जीवन म्हणजे विझत आलेल्या मंडळीत पुन्हा जीव यावा म्हणून केलेली प्रार्थना आणि धडपड. दाराबाहेर "आपले स्वागत आहे" असा फ्लेक्स लागला. थंडीत तीन दिवस उज्जीवन सभा झाल्या. पुण्याहून वक्ते आले, ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला, आणि समोर आम्हीच, स्वेटर घालून. जे आधीपासून येत होते त्यांनाच "या, या" म्हणून किती बोलावणार? कशात काय अन् फाटक्यात पाय.

पण एक गोष्ट मामांनी सुचवली आणि ती मला मनापासून आवडली. पुढून तिसरा बाक एका कुटुंबाचा होता, ते नाशिकला गेल्यापासून रिकामाच होता. मामा म्हणाले, "हा बाक आपण येणाऱ्यांसाठी ठेवू. आपल्यापैकी कुणी तिथं बसायचं नाही. दर रविवारी त्याच्यासाठी प्रार्थना करू." मामींनी त्यावर घालायला पांढरं क्रोशाचं कव्हर विणलं. पावसाळ्यात आमच्याकडे गीतपुस्तकांनाही बुरशी येते, पण त्या बाकाला मामींनी ती येऊ दिली नाही. दर शनिवारी जाऊन पुसायच्या. आम्ही रविवारमागून रविवार त्या रिकाम्या बाकासाठी प्रार्थना केली. मीही केली, आणि माझा असल्या गोष्टींवर चटकन विश्वास बसत नाही.

आणि जानेवारीत एक बाई आली.

चाळिशीची असेल. रिसॉर्टमधल्या साफसफाईच्या बायकांना देतात तसला निळा कोट हातावर, कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. ती दाराजवळ, चपला काढतात तिथंच खाली भिंतीला टेकून बसली. पहिलं गीत चाललं होतं. माझे हात पट्ट्यांवर आणि डोळे तिच्यावर. पुढच्या सगळ्यांच्या माना एकेक करून मागे वळल्या. गाणं विस्कटलं, कारण कुणाचंच लक्ष पुस्तकात नव्हतं.

स्वागत समितीत मामा आणि मामी होते. मामी उठल्या, तिच्या हाताला धरून तिला उठवलं आणि मधल्या वाटेने पुढे आणून तिसऱ्या बाकावर, क्रोशाच्या कव्हरावर बसवलं. ती "हितंच बरी हाय, हितंच" म्हणत होती, पण मामींच्या मायेपुढे कुणाचं चालतं? ती बाकाच्या अगदी टोकाशी बसली. संपूर्ण मंडळीला तिची पाठ दिसत होती आणि मला तिचा चेहरा.

आमच्या उपासनेत एक जागा अशी असते की तिथं कुणीच बोलत नाही. प्रत्येकाने मनातल्या मनात आपलं जे काही आहे ते देवापुढे ठेवायचं, मग मी पेटीचा एक सूर धरते आणि पाळक पुढचं सुरू करतात. एरवी मामांच्या घड्याळाला मान देऊन मी लवकर सूर धरते. त्या दिवशी मी तिच्याकडे पाहिलं. तिने डोळे मिटले होते आणि खांदे खाली आले होते. खूप ओझं वाहून आलेलं माणूस ते उतरवल्यावर कसं बसतं, तशी ती बसली होती. माझे पाय भात्यावर होते, मी ते हलवले नाहीत. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मामांनी घड्याळाकडे. मी खुशाल बसून राहिले. तिने डोळे उघडल्यावरच सूर धरला.

उपासनेनंतर व्हरांड्यात चहा असतो. आता आमच्या लोकांची एक खोड सांगायला हवी. मराठी ख्रिस्ती माणसाला दुसरा मराठी ख्रिस्ती माणूस भेटला की तिसऱ्या प्रश्नाला नातं निघतं. मूळ गाव कुठलं, माहेर कुठलं, लग्न कुठल्या पाळकांनी लावलं, की झालं. "म्हणजे तुम्ही राहुरीच्या मास्तरांच्या धाकट्या सुनेकडच्या!" असं म्हणून बशीत पुन्हा चहा ओतला जातो. माणूस आपला वाटायला तो आधी कुणाचा तरी असावा लागतो, अशी आमची रीत. यात खोटेपणा नाही. आम्हाला माया करायची ही एकच पद्धत येते.

तिच्याभोवती कोंडाळं झालं.

"माहेर कुठलं तुमचं?"

"पवन मावळातलं."

"सासर?"

"कान्हे."

"कुणाच्या ओळखीने आलात?"

"कुनाच्याच न्हाई. वलवणला रिसॉर्टवर कामाला हाय. जाता-येता दार उघडं दिसलं."

यातून नातं काही निघेना. मंडळी जरा अडखळली. मग मामींनी सर्व बायकांना लागू पडणारा प्रश्न काढला, "मुलंबाळं किती?"

तिच्या हातातला कप तोंडाशी जाता जाता थांबला. "येक मुलगी."

"कितवीत आहे?"

"बारावीत."

"बारावी!" सगळ्यांचे चेहरे खुलले. सायन्स का कॉमर्स, कॉलेज कुठलं, क्लास लावलाय का, पेपर कधीपासून. ती उत्तरं देत होती, "सायन्स", "वडगावला", "व्हय", आणि मागे मागे सरकत होती. शेवटी ड्युटीचं कारण सांगून निघाली. ती फाटकाबाहेर पडते न पडते तोच इकडे हिशेब सुरू झाले. बारावीची मुलगी म्हणजे तिच्या मैत्रिणी येतील, म्हणजे तरुण संघ पुन्हा उभा राहील, नाताळला नाटक बसवता येईल. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. पण खरं सांगते, मलाही त्या दिवशी जेवण गोड लागलं.

पुढच्या रविवारी ती आली. या वेळी तिने दाराकडे बसायचा प्रयत्नही केला नाही, मुकाट तिसऱ्या बाकावर जाऊन बसली. मध्यस्थीच्या प्रार्थनेची वेळ झाली. त्यात आम्ही एकमेकांच्या गरजा मोठ्याने देवापुढे मांडतो, कुणाचा गुडघा, कुणाचा व्हिसा, कुणाची सोयरीक. कुणाचं काहीच झाकलेलं नसतं. पाळकसाहेब म्हणाले, "हे प्रभू, आमच्या नव्या भगिनीची लेक बारावीला बसते आहे. तिची स्मरणशक्ती तल्लख कर. परीक्षेच्या दिवसांत तिची प्रकृती सांभाळ. तिला दीर्घायुष्य दे." आणि सगळे "आमेन" म्हणाले. वर्षभरात इतक्या मोठ्याने म्हणाले नव्हते. तिने समोरच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. मला वाटलं, भरून आलं असेल.

तिसऱ्या रविवारी मामींनी रंगीत कागदात बांधलेलं पेन आणलं आणि चहाच्या वेळी सगळ्यांसमोर तिच्या हातात दिलं. आमच्याकडे परीक्षेआधी मुलांची हॉलतिकिटं प्रभुभोजनाच्या मेजावर ठेवून त्यांवर प्रार्थना करतात. कित्येक वर्षं मेजावर ठेवायला हॉलतिकीटच नव्हतं. मामा तिला म्हणाले, "पुढच्या रविवारी मुलीला घेऊन या. आणि हॉलतिकीट आणायला विसरू नका." बोलताना म्हाताऱ्याचे डोळे पाणावले होते. तिने मान हलवली. पेन कोटाच्या खिशात ठेवलं आणि गेली.

ती परत आली नाही. पहिल्या रविवारी आम्ही म्हणालो, रिसॉर्टवर गर्दी असेल. दुसऱ्या रविवारी म्हणालो, मुलीचा अभ्यास असेल. तिसऱ्या रविवारी कुणी काहीच म्हणालं नाही. मामींनी बाकावरचं कव्हर धुऊन, इस्त्री करून पुन्हा घातलं.

मला काही ते सहन होईना. चहाच्या वेळी एकदा तिने मला घराचा पत्ता सांगितला होता, कान्हे स्टेशनच्या पलीकडे, पिठाच्या गिरणीशेजारी. मार्चमध्ये एका दुपारी मी चिक्कीचा पुडा घेतला आणि पुण्याची लोकल धरून कान्ह्याला उतरले. गिरणी सापडली, घरही सापडलं. अंगणात एक म्हातारी पावटे सोलत बसली होती.

"कोन पायजे?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "तुमच्या सूनबाईंना भेटायला आले. लोणावळ्याची आहे, कामाच्या ठिकाणी ओळख झाली." चर्चचं नाव का घेतलं नाही, ते मलाही सांगता येणार नाही. जीभच वळली नाही.

"बसा आत. पानी आनाया गेलीय, येईल."

मी आत जाऊन खुर्चीवर बसले आणि समोरची भिंत पाहिली. तिच्यावर एका मुलीचा फोटो होता. कॉलेजचा युनिफॉर्म, दोन वेण्या, आईसारखंच रुंद कपाळ. फोटोला चंदनाचा हार घातला होता, आणि खालच्या फळीवर, उदबत्तीच्या घराशेजारी, ते रंगीत कागदातलं पेन ठेवलं होतं. कागद सोडलेला नव्हता.

म्हातारी दारातूनच म्हणाली, "नात माजी. बारावीला व्हती. परीक्षा तोंडावर आली अन् ताप डोक्यात गेला. औंदा दोन वर्सं झाली. लय हुशार व्हती बगा."

चिक्कीचा पुडा माझ्या मांडीवर होता आणि तो कुठं ठेवावा हेही मला सुचेना. मेलेल्या मुलीची स्मरणशक्ती तल्लख कर म्हणून आम्ही प्रार्थना केली होती. तिला दीर्घायुष्य मागितलं होतं. आणि सगळे मिळून आमेन म्हणालो होतो.

ती कळशी घेऊन आली, मला पाहून दचकली आणि सासूकडे बघायला लागली. मी पटकन म्हटलं, "इकडे आले होते, म्हटलं भेटून जावं. आता निघतेच." तिच्या जिवात जीव आला. "स्टेशनापत्तुर सोडते," म्हणून ती माझ्याबरोबर निघाली.

प्लॅटफॉर्मवर दुपारी कुणी नव्हतं. आम्ही बाकावर बसलो. मी म्हटलं, "तू तेव्हाच सांगितलं असतंस तर..."

"काय सांगू बाई?" ती म्हणाली. "गावात रोज त्येच. पाण्याला गेलं की त्येच, लग्नाला गेलं की त्येच. कसं झालं, कवा झालं, कोंच्या दवाखान्यात नेलतं. मानसं वाईट न्हाईत, मायेनंच इचारत्यात. पन किती येळा सांगू? म्हनून वाटलं, जितं मला कुनी वळखत न्हाई तितं जरा बसावं. तुमी लोकांनी इचारलं, मुलं किती. येक म्हनून गेले. कितवीत म्हनला तर तोंडातून बारावीच निगालं. ती अजून बारावीतच हाय न्हवं माज्यासाटी."

मी तिचा हात धरला.

"पयल्यांदा बरं वाटलं," ती म्हणाली. "म्हटलं, येका तरी जागी पोरगी हाय. पन मग त्यांनी हालतिकीट आनाया सांगितलं. कुटून आनू?"

माझ्याने राहवलं नाही. मी विचारलं, "तुला आमच्या इथं आवडलं नाही का गं काहीच?"

तिने थोडा विचार केला. "ते सगळी गप व्हता न्हवं, मदी, तेवडं लय बरं वाटायचं. मी काय धरम बदलाया आले न्हवते, बाई. बसाया आले व्हते." मग लोकल लांबून दिसायला लागल्यावर तिने विचारलं, "कुनी नसतं तवा उगडं असतं का वो तितं?"

मला "नाही" म्हणावं लागलं.

"बरं," ती म्हणाली.

मी मंडळीला खरं सांगायचं ठरवलं. ईस्टरनंतर पंचमंडळीची बैठक झाली, तिथं मी सगळं सांगितलं. मामींनी पदर तोंडाला लावला. पाळकसाहेब टेबलाकडे बघत राहिले, मला त्या पोराची दया आली. मी म्हटलं, "आठवड्यातून एक दुपार चर्च उघडं ठेवू. कुणी काही विचारायचं नाही, चहा द्यायचा नाही, गाणं नाही, प्रार्थना नाही. मी पेटीपाशी बसून राहीन, राखणीला. बस्स."

मामा म्हणाले, "बाई, तुमचं सगळं पटतं. पण ती हिंदू घरातली बाई. घरी कुणाला माहीत नाही. दुपारची एकटी चर्चमध्ये येऊन बसते, आत फक्त तुम्ही. उद्या तिच्या घरच्यांना कळलं, कुणी म्हणालं की हे लोक दुःखी बायकांना गाठून धर्म बदलायला लावतात, तर? दिवस कसले आहेत ते तुम्ही बघताय. दाराशी पाच-पन्नास पोरं जमली तर आपण म्हातारे काय करणार? तिचेही हाल होतील."

मी चिडले. म्हटलं, "मग वर्षभर प्रार्थना कशाला केली? दगड यावेत म्हणून?" मामा म्हणाले, "माणसं यावीत म्हणून. पण ती अशी येतील असं वाटलं नव्हतं." हा माणूस भित्रा नाही. नोकरीत असताना घाटात गाडीपुढे दरड कोसळली, तेव्हा कंदील घेऊन रात्रभर पावसात उभा राहिलेला आहे. त्याला माझ्यासाठी, तिच्यासाठी आणि त्या इमारतीसाठी भीती वाटत होती, आणि ती भीती खोटी आहे असं मला छातीठोकपणे सांगता येईना. तेच मला जास्त लागलं. भांडून जिंकण्यासारखं समोर काही नव्हतंच.

पुढच्याच आठवड्यात पुण्याहून निरोप आला. वर्ष संपलं, माणसं वाढली नाहीत. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना. कुणी वाद घातला नाही. फ्लेक्स उन्हाने फिकट झाला होता, मामांनी तो काढून, घडी करून आतल्या कपाटात ठेवला. येणाऱ्यांचा बाक तसाच राहिला, कव्हरासकट.

मे महिन्यात, उपासना नसलेल्या एका रविवारी, सवयीने मी साडी नेसून तयार झाले. मग घरात बसवेना म्हणून भाजीची पिशवी घेऊन बाहेर पडले आणि पाय त्या गल्लीत वळले. फाटक नुसतं लोटलेलं असतं, कुलूप असतं ते आतल्या दाराला. व्हरांड्याच्या पायरीवर ती बसली होती. निळा कोट मांडीवर घडी केलेला. बंद दाराला पाठ लावून, डोळे मिटून.

मला पाहून ती उठायला लागली. मी हातानेच बस म्हटलं आणि शेजारी बसले. पिशवी बाजूला ठेवली. मी काही विचारलं नाही आणि तिनेही काही सांगितलं नाही. मला त्या वेळी पेटीची आठवण झाली, ती आत होती. पण तिची गरज नव्हती. शांतता लांबवायला माझे पाय नुसते जमिनीवर असले तरी चालत होतं. वर्षभर आम्ही जे मागत होतो ते हेच असावं, असं मला वाटलं. मला खूप बरं वाटलं आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. पर्यटकांचं एक कुटुंब आत आलं, आईवडील आणि टोप्या घातलेल्या दोन मुली. वडील सभ्यपणे म्हणाले, "आंटी, जरा बाजूला होता का? दरवाजासकट फोटो पाहिजे."

आम्ही दोघी उठलो आणि बाजूला झालो. चौघं पायरीवर उभी राहिली. फोटो काढायला कुणी नव्हतं, तर तीच पुढे झाली. "द्या, मी काडते." तिने मोबाइल धरला. थोरली मुलगी सतरा-अठराची असेल. "अजून एक काढा ना, मावशी," ती म्हणाली. तिने अजून एक काढला, मग आणखी एक, आणि मोबाइल परत द्यायला तिला जरा उशीरच लागला.

मुलीने मोबाइल घेऊन फोटो पाहिला, मग मान वाकडी करून दाराच्या फटीतून आत बघितलं. "मावशी, आत जाता येतं का?"

मी तोंड उघडायच्या आत तिनेच उत्तर दिलं. "न्हाई बाळा. हितं बंद असतं."

मग तिने कोट अंगात घातला, मला "येते बाई" म्हणाली आणि वलवणच्या रस्त्याला लागली. मी हाक मारली नाही. पुन्हा ये म्हणायला माझ्याकडे किल्ली नव्हती.